राउटर घेताय? आधी घरात तीन जागी स्पीड मोजा, मग पैसे खर्च करा

दर महिन्याला १०० एमबीपीएसचं बिल भरलं जातं. हॉलमध्ये मोबाईल सुसाट चालतो. पण आतल्या खोलीत पोरीचा ऑनलाइन क्लास सुरू झाला की सरांचा चेहरा गोठतो, आवाज तुटायला लागतो. त्याच वेळी घरात कुणाची ऑफिसची मीटिंग असेल तर मग विचारूच नका. इंटरनेटवाल्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं, "आमच्याकडून लाइन ओके आहे." मग शेजारचा कुणीतरी सल्ला देतो, "राउटर बदल. चार अँटेनावाला घे."

दोन-चार हजार रुपये जातात. नवा डबा येतो, त्याच जागी लागतो आणि आतल्या खोलीत सरांचा चेहरा परत गोठतो.

असं का होतं? कारण इंटरनेट तुमच्या मोबाईलपर्यंत एका साखळीतून येतं. कंपनीची लाइन, भिंतीवरचा डबा, मधली वायर, राउटर, घराच्या भिंती आणि शेवटी तुमचा मोबाईल किंवा लॅपटॉप. यातली सगळ्यात कमजोर कडी जेवढी देईल तेवढाच स्पीड तुम्हाला मिळतो. म्हणून राउटर निवडण्याआधी ही कमजोर कडी शोधावी लागते. ती शोधायला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

आधी बघा, तुमच्या घरात कुठला डबा आहे?

राउटर नेमकं करतो काय? इंटरनेट कंपनी तुमच्या घराला साधारणपणे एकच आयपी पत्ता देते. घरात मात्र चार मोबाईल, दोन लॅपटॉप, एक टीव्ही आणि एखादा प्रिंटर असतो. राउटर या प्रत्येकाला घरातल्या घरात चालणारा वेगळा पत्ता देतो. तो बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होतो. कुठल्या मोबाईलने काय मागितलं याची नोंद राउटर ठेवतो आणि आलेलं उत्तर बरोबर त्याच मोबाईलला पोचवतो. सोसायटीचा पत्ता एकच, पण कुणाचं पार्सल कुठल्या फ्लॅटचं हे वॉचमनला माहीत असतं, तसंच हे. आयपीच्या जुन्या पद्धतीत जगभरात मिळून सुमारे ४३० कोटीच पत्ते होते. प्रत्येक मोबाईलला स्वतंत्र पत्ता दिला असता तर ते केव्हाच संपले असते, म्हणून ही सोय.

आता तुमच्या घरातला डबा नीट बघा. साधारण दोन प्रकार दिसतील.

पहिला प्रकार म्हणजे फायबरची बारीक वायर थेट डब्यात जाते आणि त्याच डब्यातून वाय-फायही मिळतं. याला ओएनटी म्हणतात. फायबरमधून येणारा प्रकाश इंटरनेटमध्ये बदलायचं काम तो करतो. बाजारात मिळणाऱ्या साध्या राउटरला ही फायबरची वायर जोडताच येत नाही. म्हणजे असा डबा काढून टाकता येणार नाही. नवा राउटर घेतलात तरी तो याच्या पुढे, लॅनच्या वायरने जोडावा लागेल.

दुसऱ्या प्रकारात बिल्डिंगमधून निळी किंवा राखाडी लॅनची वायर घरात येते, किंवा फायबरचा छोटा डबा वेगळा असतो आणि राउटर वेगळा. केबलवाल्यांकडून घेतलेल्या बऱ्याच कनेक्शनमध्ये असं असतं. इथे राउटर थेट बदलता येतो. फक्त बदलण्याआधी केबलवाल्याकडून कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या. नाहीतर रविवारी दुपारी जुना राउटर काढून बसाल, केबलवाला फोन उचलणार नाही आणि घर सोमवारपर्यंत बिनइंटरनेटचं राहील.

तीन मोजमापं, अर्धा तास

मोजण्याआधी एक गोष्ट. प्लॅनमधला एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. डाउनलोड होताना दिसतो तो मेगाबाइट असतो आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइटने उतरते. तसं होत असेल तर लाइन उत्तम आहे, कुणी फसवलेलं नाही.

आता घरातले बाकीचे मोबाईल आणि टीव्ही थोडा वेळ शांत ठेवा आणि तीन जागी स्पीड टेस्ट करा.

पहिलं मोजमाप वायरने. लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर लॅनच्या वायरने थेट डब्याला जोडा. दुसरं वाय-फायवर, राउटरपासून दोन-तीन पावलांवर, ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर. तिसरं, जिथे खरा त्रास होतो त्या खोलीत, त्याच मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर.

प्रत्येक जागी दोन-तीन वेळा मोजा. एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास मोजलंत तर आणखी चांगलं. आता आकडे बघा.

वायरनेच स्पीड कमी असेल तर दोष लाइनचा, वायरचा किंवा त्या पोर्टचा. महागातला महाग राउटरही इथे काही करू शकत नाही. वायर बदलून बघा. तरीही तसंच असेल तर हे आकडे दाखवून कंपनीकडे तक्रार करा.

वायरने स्पीड भरपूर, पण राउटरच्या शेजारी उभं राहूनही वाय-फाय अडखळत असेल तर राउटर जुना किंवा कमी ताकदीचा आहे. नवा घ्यायला हरकत नाही. त्याआधी दुसऱ्या एखाद्या मोबाईलवर मोजा, कारण कधीकधी मोबाईलच जुना असतो.

राउटरजवळ स्पीड चांगला आणि आतल्या खोलीत कोसळत असेल तर प्रश्न भिंतींचा आणि जागेचा आहे. सर्वात जास्त पैसे वाया जातात ते इथेच, कारण दुखणं भिंतीचं असतं आणि औषध राउटरला दिलं जातं.

बॉक्सवरचे मोठे आकडे

दुकानात गेलात की बॉक्सवर 'एसी १२००', 'एएक्स ३०००' असं लिहिलेलं दिसतं. हा एसी थंड हवेचा नाही, ती वाय-फायच्या पिढीची खूण आहे. पुढचा आकडा म्हणजे राउटरच्या सगळ्या बँडची बेरीज. एसी १२०० मध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर ८६७ असतात. त्यांची बेरीज ११६७ होते आणि बॉक्सवर १२०० छापतात. एएक्स ३००० मध्ये ५७४ आणि २४०२ असतात.

पण तुमचा मोबाईल सहसा एका वेळी एकाच बँडवर असतो, म्हणून बेरजेचा त्याला उपयोग नाही. शिवाय हे आकडे आदर्श परिस्थितीतले आहेत. प्रत्यक्षात त्या बँडच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास स्पीड मिळाला तरी राउटर चांगला म्हणायचा. भिंत मध्ये आली की तोही घटतो.

अँटेनांचंही तसंच. चार काड्या वर आलेल्या दिसल्या की राउटर दणकट वाटतो. पण राउटर किती जोराने बोलू शकतो याला सरकारी मर्यादा असते. आणि संभाषण दोन्हीकडून लागतं. राउटर ओरडून बोलला तरी मोबाईलला उलट कुजबुजतच उत्तर द्यावं लागतं, कारण त्याची बॅटरी आणि अँटेना दोन्ही लहान. म्हणून मोबाईलवर वाय-फायच्या कांड्या पूर्ण दिसतात आणि कॉल तरीही तुटतो.

छोट्या अक्षरातला खरा आकडा

बॉक्सच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात पोर्टची माहिती असते. तिथे '१०/१००' लिहिलं असेल तर तो पोर्ट १०० एमबीपीएसचाच आहे. '१०/१००/१०००' किंवा 'गिगाबिट' लिहिलं असेल तर तो १००० पर्यंत जातो.

स्वस्तातल्या अनेक राउटरवर पुढे १२०० छापलेलं असतं आणि मागे पोर्ट १०० चेच असतात. अशा राउटरला २०० एमबीपीएसची लाइन जोडली तर घरात ९०-९५ च्या पुढे काही येत नाही. धरणाचं पाणी मोठ्या पाइपने आलं, पण नळाची तोटी अर्ध्या इंचाची. तुम्ही प्लॅन वाढवत राहता, बिल वाढतं आणि स्पीड आहे तिथेच. तेव्हा प्लॅन १०० चा किंवा त्याहून मोठा असेल तर गिगाबिट पोर्टच घ्या. वॅन आणि लॅन दोन्ही पोर्ट गिगाबिट आहेत ना, हेही बघा.

हीच गफलत वायरमध्येही होते. लॅनच्या वायरमध्ये ८ बारीक तारा असतात. गिगाबिट चालायला आठही लागतात. घाईत चारच तारा जोडून क्लिप मारली तर इंटरनेट चालतं, पण १०० च्या आत अडकतं. स्पीड टेस्टमध्ये सतत ९४-९५ च्या आसपास आकडा येत असेल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर पहिला संशय वायरवर आणि पोर्टवर घ्या. कॅट ५ई किंवा कॅट ६ लिहिलेली वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते.

भिंती, कपाटं आणि मेदूवडा

राउटर आता दोन बँडवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंत बऱ्यापैकी ओलांडतो, पण हळू असतो. त्याच्यावर गर्दीही फार. या बँडमध्ये एकमेकांना न अडवणारे चॅनल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. बिल्डिंगमध्ये वीस राउटर असतील तर सगळे याच तीन गल्ल्यांमध्ये कोंबलेले. त्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण जाड भिंतीपुढे लगेच दमतो.

आपल्याकडची घरं वाय-फायला सोपी नाहीत. ९ इंची विटांच्या भिंती, सळ्या घातलेला स्लॅब, जुन्या वाड्यांमधलं दगडी बांधकाम. त्यात लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी मध्ये आली की सिग्नल तिथेच बसतो. आणि राउटर कुठे असतो? दाराजवळच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, शोकेसच्या आत किंवा माळ्यावर, कारण वायर तिथपर्यंतच आली होती.

अँटेनाभोवती सिग्नल मेदूवड्याच्या आकारात पसरतो, असं समजा. अँटेना म्हणजे वड्याच्या भोकातून उभी घातलेली काडी. सिग्नल आजूबाजूला जास्त जातो, काडीच्या टोकाकडे कमी. म्हणून एका मजल्याच्या घरात अँटेना उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावरही सिग्नल हवा असेल तर एखादी आडवी करून बघा.

राउटर घराच्या मध्याजवळ, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. त्यासाठी दहा मीटर लॅनची वायर ओढावी लागली तरी ओढा. नव्या राउटरपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते आणि अनेक घरांत प्रश्न तिथेच मिटतो.

मोठ्या घराला एक राउटर पुरत नाही

दोन मजले, लांबलचक घर किंवा जाड भिंती असतील तर एकच महागडा राउटर घेण्यापेक्षा दोन साधे चांगले. पण ते जोडायचे कसे, यात फरक आहे.

सर्वात चांगला उपाय म्हणजे लॅनची वायर आतल्या खोलीपर्यंत न्यायची आणि तिथे दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर लावायचा. हा मोड लक्षात ठेवा. तो न लावता दुसरा राउटर नुसता जोडला तर एका घरात दोन कारभारी होतात. दोघेही स्वतंत्र पत्ते वाटतात. मग हॉलमधल्या लॅपटॉपला आतल्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही आणि कुणालाच कळत नाही का. फायबरचा डबा काढता येत नाही अशा घरांत नवा राउटर लावतानाही हेच लक्षात ठेवायचं.

वायर नेणं शक्य नसेल तर मेश घ्या. दोन-तीन डबे, एकच नाव, एकच पासवर्ड. तुम्ही चालत गेलात की मोबाईल जवळच्या डब्याकडे सरकतो. पण डबे एकमेकांशी वाय-फायनेच बोलणार असतील तर भिंत त्यांनाही आडवी येते. म्हणून दुसरा डबा सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी ठेवा.

सर्वात स्वस्त म्हणजे एक्स्टेंडर. साधा एक्स्टेंडर एकाच बँडवर ऐकतो आणि त्याच बँडवर पुन्हा बोलतो, म्हणून स्पीड साधारण निम्मा होतो. व्हॉट्सॲप आणि यूट्यूबला चालेल, दोघांच्या मीटिंगला जड जाईल.

आणि जे जागचं हलत नाही ते वायरने जोडा. डेस्कटॉप, टीव्ही, टेबलावरचा ऑफिसचा लॅपटॉप वायरवर गेले की वाय-फाय मोबाईलसाठी मोकळं होतं. राउटरचे लॅन पोर्ट कमी पडले तर छोटा गिगाबिट स्विच लावा. त्याला काही सेटिंगही लागत नाही.

वाय-फाय ५, ६ की ७?

ही सोपी नावं २०१८ मध्ये आली. त्याआधी ८०२.११ एसी, ८०२.११ एएक्स अशी नावं लक्षात ठेवावी लागायची. एसी म्हणजे वाय-फाय ५ आणि एएक्स म्हणजे वाय-फाय ६.

वाय-फाय ६ चा खरा फायदा गर्दीत दिसतो. जुन्या पद्धतीत राउटर एका वेळी एकाच मोबाईलचं काम करायचा, बाकीचे रांगेत. वाय-फाय ६ एका फेरीत अनेकांचं थोडं थोडं सामान पोचवू शकतं. मुंबईचा डबेवाला प्रत्येक डब्यासाठी वेगळी फेरी मारत नाही, तसंच. वाय-फाय ७ च्या उपकरणांना प्रमाणपत्रं मिळायला २०२४ च्या जानेवारीत सुरुवात झाली. त्याचा पुरेपूर फायदा घ्यायला मोबाईल आणि लॅपटॉपही तेवढेच नवे लागतात.

घराला स्पीड किती लागतो तेही मोजू. एका टीव्हीवर फोर-के सिनेमा, साधारण १५ एमबीपीएस. दोन मोबाईलवर एचडी व्हिडिओ, प्रत्येकी ५. दोन व्हिडिओ कॉल, प्रत्येकी ४ धरा. एकूण ३३. म्हणजे पाच जण एकाच वेळी बसले तरी १०० च्या प्लॅनमध्ये जागा उरते. बहुतेक घरांना दोन बँडचा, गिगाबिट पोर्टचा, वाय-फाय ६ चा साधा राउटर पुष्कळ होतो.

घराच्या दाराला कुलूप लावलंत का?

घरातली सगळी उपकरणं ज्या एका दारातून बाहेर जातात ते दार म्हणजे राउटर. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याने वापरलेली युक्ती अगदी साधी होती. कंपनीने दिलेले युजरनेम-पासवर्ड लोकांनी बदललेलेच नव्हते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांची फौज वापरून डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. ज्यांच्या घरातले हे डबे होते, त्यातल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता.

म्हणून राउटर लागला की त्याच दिवशी तीन कामं करा. ॲडमिन पासवर्ड बदला. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. सुरक्षेत डब्ल्यूपीए३ निवडा, जुनी उपकरणं जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए२. पाहुणे, टीव्ही आणि कॅमेऱ्यासाठी गेस्ट नेटवर्क चालू करा.

घेतानाही कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा शेवटचा अपडेट कधी आला ते बघा. तीन-चार वर्षांत एकही अपडेट नसेल तर कितीही स्वस्त असला तरी तो राउटर सोडून द्या.

लाइट गेली तर?

हे बॉक्सवर कुणी लिहीत नाही. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस हा प्रश्न सोडवतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. तिथे १२ व्होल्ट लिहिलं असेल तर यूपीएसही १२ व्होल्टचाच हवा, आणि अँपिअर अडॅप्टरइतके किंवा जास्त. व्होल्ट चुकले तर राउटर जळू शकतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, म्हणजे दोन आउटपुट असलेला यूपीएस घ्या.

दुकानात जाताना एवढं लिहून न्या

– घरातला डबा कुठला, फायबर थेट येते की लॅनची वायर
– प्लॅन किती एमबीपीएसचा
– तीन जागी मोजलेले तीन आकडे
– सगळे पोर्ट गिगाबिट आहेत का
– दोन बँड, वाय-फाय ६, डब्ल्यूपीए३ आहे का
– ॲक्सेस पॉइंट मोड आणि गेस्ट नेटवर्क मिळतं का
– शेवटचा अपडेट कधीचा

दुकानदाराने अँटेना मोजायला सुरुवात केली की हा कागद पुढे करा. आणि आज रात्री मोजताना आतल्या खोलीचा आकडा फारच कमी आला, तर खरेदीचा विचार उद्यावर टाका. आधी राउटर शोकेसमधून बाहेर काढा आणि पुन्हा एकदा मोजा.